दोन्ही भोकांत करंट

हॉलमध्ये दादाचं ड्रिल मशीन घुरघुरत होतं. मग ते एकदा ठसकलं, आणि त्याच क्षणी मागच्या अर्ध्या घराची वीज गेली. माझ्या खोलीतला पंखा, स्वयंपाकघरातला फ्रीज, मधल्या बोळातला दिवा, सगळं गार. पुढच्या अर्ध्या घरात, म्हणजे हॉल आणि दादा-वहिनीच्या बेडरूममध्ये, सगळं झकास चालू. एखाद्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने ड्रिलकडे बोट दाखवलं असतं. पण आमच्या घरात शेंबडं पोर नाही. आमच्या घरात दादा आहे.

दादा ड्रिल हातात धरूनच मागे आला. केसांवर भिंतीची पांढरी भुकटी, पायजम्यावर लाकडाचा भुसा. दारातच उभं राहून त्याने मला विचारलं,

"तू काय लावलंस?"

"मी काही लावलं नाही. तू भोक पाडलंस."

"ड्रिल पुढच्या लाइनवर होतं. पुढचं सगळं चालू आहे. मग मागचं ड्रिलने कसं जाईल? जरा डोकं वापर."

डोकं वापर हे तो मला मी शाळेत असल्यापासून सांगत आला आहे. स्वतःचं मात्र तो जपून ठेवतो. नवंकोरं राहिलं आहे.

तो हे विचारत होता तेव्हा माझी नजर त्याच्याकडे नव्हती, कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या खोक्याकडे होती. ती माझी उबवणीची पेटी. आत एक बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी, झाकणाला काचेची खिडकी आणि खिडकीतून दिसणारा थर्मामीटर. जाळीवर अंडी. मागच्या अंगणात मी कोंबड्या पाळत होते. गेल्या महिन्यात भटकी कुत्री खुराड्यात शिरली आणि सकाळी अंगणात नुसती पिसं उरली. कोंबडाही गेला. कोनाड्यात ठेवलेली अंडी तेवढी वाचली. ज्या कोंबडीच्या नातवंडांची पतवंडं मी वाढवली, तिचा वंश आता त्या खोक्यात होता, दुसरीकडे कुठेही नव्हता. आणि उबवणीचे शेवटचे दोन-तीन दिवस चालले होते. आतली पिल्लं पुरी वाढलेली, कवचाला टोच मारायच्या बेतात. सकाळीच मी पेटीला कान लावला होता तर आत खुडखुड चालली होती. या दिवसांत पेटी हलवायची नाही, झाकण उघडायचं नाही, आणि ऊब जाऊ द्यायची नाही. ऊब गेली की पिल्लू कवचाच्या आतच, जन्माच्या उंबरठ्यावर मरतं. एवढं साधं आहे.

बल्ब विझला होता. थर्मामीटरचा काटा अजून हलला नव्हता, पण हलणार होता.

"दादा, आधी मला पुढून एक्स्टेंशन घेऊ दे," मी म्हटलं. "मग तुझं चालू दे."

"थांब. आधी कारण शोधायचं, मग उपाय. असं नसतं कामाचं." त्याने शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला.

या टेस्टरविषयी सांगितलं पाहिजे. बाबा गेले तेव्हा दादाने त्यांचं घड्याळ मागितलं नाही, चष्मा मागितला नाही. हा टेस्टर मागितला. बाबा कारखान्यात वीज-दुरुस्तीचं काम करायचे, घरातलं फिटिंग त्यांच्याच हातचं. तेव्हापासून घराला नियम लागला: बोर्डाला हात लावायचा तो थोरल्याने. बाहेरचा वायरमन घरात येणं म्हणजे बाबांचा अपमान. दादा एका कचेरीत हेडक्लार्क आहे. त्याला विजेतलं एकच वाक्य येतं, "टेस्टर लागला म्हणजे करंट आहे," आणि त्या एका वाक्यावर त्याने आजवर तीन इस्त्र्या, एक गिझर आणि शेजाऱ्यांची पाण्याची मोटर बाद ठरवली आहे.

तो आधी मेनबोर्डापाशी गेला. मागच्या घराचं बटण वर होतं, पडलं नव्हतं. त्याने ते खाली केलं, वर केलं, खाली केलं, वर केलं. देवळातली घंटा वाजवावी तसं. मग स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. टेस्टरमध्ये केशरी उजेड आला.

"लागला," दादा म्हणाला. "करंट आहे."

"मग दिवा का लागत नाही?"

"दिवा गेला असेल."

"सगळेच दिवे एकदम गेले? पंखेसुद्धा? फ्रीजसुद्धा?"

खुर्ची ओढून तो बोळातला दिवा काढायला चढला. कपाटातून नवा बल्ब आणला, लावला, लागला नाही. तो काढून तिसरा लावला. माझ्या खोलीतला बदलला, न्हाणीघरातला बदलला. चांगले बल्ब काढून चांगलेच बल्ब लावत तो घरभर फिरत होता आणि वहिनी त्याच्या मागून खुर्ची धरत फिरत होती. मला बाबांची आठवण झाली ती एवढ्यासाठी की ते असते तर त्यांनी याला खुर्चीसकट उचलून अंगणात ठेवला असता.

दादाची मती तिथेच थांबली असती तरी बरं झालं असतं. पण बल्ब बदलून झाल्यावर त्याने सहज म्हणून टेस्टर सॉकेटच्या दुसऱ्या भोकात घातला. दुसऱ्या भोकात टेस्टर लागायचा नसतो. तो लागला.

दादाचा चेहरा असा उजळला की घरातला तेवढाच एक दिवा चालू आहे असं वाटावं.

"हे बघ," तो म्हणाला. "दोन्ही भोकांत करंट. डबल करंट येतोय. म्हणून सगळं जळालं."

"अहो, फ्रीजपण?" वहिनी म्हणाली.

"फ्रीजपण."

"अरे देवा. त्यात मासे आहेत." वहिनीने डोळे माझ्याकडे वळवले. का माझ्याकडे, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. कारण नंतर मिळालं.

काकांना बोलावण्यात आलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहतात, आयुष्यभर वीज-कचेरीत होते. बिलं वाटायच्या खात्यात. पण आमच्या घरात हा तपशील कुणी बोलत नाही. वीज-कचेरीत होते म्हटलं की विजेतलं सगळं आलं. तसं पाहिलं तर पोस्टमनला सगळ्या गावाच्या मनातलं कळायला हवं. काका आले, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, दोन्ही भोकांत लागणारा टेस्टर पाहिला आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

"डबल," ते म्हणाले. "आमच्याकडे अशा केसेस यायच्या."

"मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

"वर पाठवायचो."

तेवढ्या वेळात मी गॅसवर पाणी तापवलं. बाटल्यांत भरलं, फडक्यात गुंडाळलं, पेटीचं झाकण बोटभर उचलून आत सरकवलं. काटा खाली उतरायला लागला होता. गरम पाण्याचं तसं खरं नसतं. एका बाजूला जास्त भाजतं, दुसरी बाजू गार. कोंबडी जशी सगळीकडून सारखी बसते तसं पाणी बसत नाही.

मी पुन्हा हॉलमध्ये आले. घरात एकच एक्स्टेंशन बोर्ड आहे. तीन सॉकेटचा, त्यातली दोन मेलेली, कारण तो एकदा दादाने दुरुस्त केला होता. तो मी बेडरूममध्ये जोडला, वायर बोळातून ओढली, पेटीचा प्लग लावला. बल्ब पेटला. मी खोलीत गुडघ्यावर बसले आणि खिडकीतून काट्याकडे पाहत राहिले. तो चढायला लागला.

मग स्वयंपाकघरात पातेलं उतरवायला गेले आणि परत आले तर बल्ब विझलेला. दादा एक्स्टेंशनचा प्लग हातात घेऊन बेडरूमच्या दारात उभा.

"वेडी आहेस का? डबल करंट खाल्लेली वस्तू पुढच्या लाइनला लावतेस? पुढचंही जाईल."

"आत्ता चालू होती ना? काही गेलं का?"

"जायला वेळ लागतो."

"दादा, पिल्लं मरतील."

"कोंबड्याच ना," तो म्हणाला. वाईट हेतूने नाही. हेतू असायला माणूस आत जागा असावा लागतो.

काकांनी तोडगा काढला. मागच्या घरातले सगळे प्लग काढायचे, सगळी बटणं बंद करायची, आणि एकेक वस्तू लावून पाहायची, म्हणजे चोर सापडेल. बोलायला बरं होतं. सगळं काढलं. टेस्टर लावला. एकाच भोकात लागला, दुसरं भोक काळं.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "आता सिंगल झाला. म्हणजे यातलंच काहीतरी डबल करतंय. पहिल्यांदा काय लावू?"

"वन्संचं खोकं," वहिनी म्हणाली.

पेटीचा प्लग लावला. शेजारच्या सॉकेटच्या दुसऱ्या भोकात टेस्टर घातला. लागला.

"सापडला चोर," दादा म्हणाला, आणि काकांनी मान हलवली. "मी पहिल्यांदाच विचारलं होतं, तू काय लावलंस म्हणून."

"तुमच्या त्या अंड्यांपायी माझा फ्रीज गेला," वहिनी म्हणाली. "बाई घरात कोंबड्या पाळतात, आम्ही बोललो नाही. खोलीत खोकी ठेवतात, बोललो नाही. पण हे म्हणजे अति झालं."

मी पेटीचा प्लग काढला. मिक्सर उचलला, त्याच सॉकेटमध्ये लावला, बटण चालू केलं. मिक्सर मुका. दादाच्या हातातून टेस्टर घेतला आणि शेजारच्या त्याच भोकात घातला. लागला.

"आता?" मी म्हटलं. "मिक्सरपण चोर?"

दादा जरा घुटमळला. पण जरासाच. मूर्खपणाला एकदा चाकं लागली की उतारावर तो थांबत नसतो.

"मिक्सर त्याच लाइनवर होता ना. तुझ्या खोक्याने तोही बिघडवला."

मी हॉलमधून टेबललॅम्प आणला. तो माझ्या हातात येईपर्यंत पुढे पेटलेला होता, सगळ्यांनी पाहिला होता. मागच्या सॉकेटला लावला. पेटला नाही, आणि दुसऱ्या भोकात टेस्टर लागला. लॅम्प काढला, परत पुढे नेऊन लावला. पेटला.

"दिवा चांगला आहे," मी म्हटलं. "इथे लागत नाही, तिथे लागतो. काहीही लावलं की दुसऱ्या भोकात करंट दिसतो, काढलं की जातो. याचा अर्थ वस्तू चांगल्या आहेत आणि तुमची भिंतीतली वायर तुटली आहे. भिंतीत भोक कोण पाडत होतं?"

"टेबललॅम्प पुढे लागतो कारण पुढे सिंगल आहे," काका म्हणाले. समजावून सांगतात तशा आवाजात. "पोरी, तू शिकलेली आहेस पण हे प्रॅक्टिकल आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे निदान चोराला ओळखून सोडत असावेत. आमच्याकडे चोर स्वतः न्यायाधीश होता, आणि त्याच्या खिशात टेस्टर होता.

आता त्या भिंतीविषयी. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे दादा महिनाभर लाकडी पट्ट्यांचं पॅनेल करत होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून. सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून ठोकाठोक. रंग अक्रोडी, मध्ये मध्ये पिवळ्या उजेडाच्या पट्ट्या, आणि एक पट्टी दुसरीपेक्षा बोटभर खाली, ती नजरेस आली की पुन्हा नजर तिथेच जाते. कचेरीतल्या माणसांना तो रोज फोटो पाठवायचा. आज शेवटची पट्टी होती. त्या पट्टीचं भोक पाडताना ड्रिल ठसकलं होतं. काका येईपर्यंत भोकावर पट्टी बसली होती, पट्टीवर पॉलिश लागलं होतं. त्या भिंतीतून वायर मागे जाते का, एवढाच प्रश्न होता.

"नाही जात," दादा म्हणाला. "बाबांनी फिटिंग केलं तेव्हा शिडी मी धरली होती. वायर वरून जाते."

शिडी धरणाऱ्याला शिडी दिसते. मी ते बोलले नाही, कारण काटा पुन्हा खाली निघाला होता आणि बाटल्या कोमट झाल्या होत्या. मी पुन्हा पाणी ठेवलं. आणि पाणी तापेपर्यंत अंगणात जाऊन, बाबांचा अपमान काय व्हायचा तो होऊ दे म्हणत, वायरमनला फोन केला.

वायरमन आला तो पान चघळत. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, दादाला "नमस्कार साहेब" म्हटलं, काकांना त्याहून मोठा नमस्कार घातला, आणि मी बोलायला लागले तर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "थांबा ताई, साहेबांना सांगू द्या."

साहेबांनी सांगितलं. डबल करंटसकट सगळं. वायरमनने ऐकून घेतलं, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. मग मेनबोर्डाचं झाकण काढलं, आपल्या पिशवीतला बल्ब दोन तारा जोडून इकडेतिकडे लावून पाहिला आणि म्हणाला,

"न्यूट्रल तुटलाय."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे करंट एका तारेने येतो आणि दुसऱ्या तारेने परत जातो. परत जायची तार तुटली. आलेला पाहुणा दारात अडकला, म्हणून दोन्हीकडे दिसतो. वस्तू सगळ्या चांगल्या आहेत."

"फ्रीज?"

"फ्रीजला काय धाड भरलीय? पुढे लावा, चालू होईल."

मी हे सगळं मघापासून सांगत होते. फक्त माझ्या तोंडात पान नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाहीना, दादाही पाहीना. काका चष्मा पुसत होते.

"तुटला कुठे असेल?" मी विचारलं.

वायरमनने मेनबोर्डापासून भिंतीवर बोटाने टकटक करत चार पावलं टाकली आणि पॅनेलपाशी थांबला. खालच्या बाजूला पडलेली पांढरी भुकटी त्याने पाहिली. टेबलावरचं ड्रिल पाहिलं. तुटलं कुठे हे त्याला त्या क्षणी कळलं, हे मला दिसलं. मग त्याने दादाचा चेहरा पाहिला, आणि कळलेलं सगळं पानाबरोबर गिळून टाकलं.

"आता असं आहे साहेब. पॅनेल फार सुंदर झालंय. स्वतः केलंत?"

"स्वतः," दादा म्हणाला.

"ते काढायला नको वाटतं. आपण असं करू, वरून नवीन लाइन ओढू. पट्टी मारून. पुढच्या आठवड्यात माझा माणूस पाठवतो."

"हेच म्हणणार होतो मी," दादा म्हणाला. "जुनी वायर आहे, कधीतरी जाणारच. नवीनच ओढू."

"पुढच्या आठवड्यात?" मी म्हटलं. "माझी पिल्लं आज मरतायत."

"ताई, अंडी बाजारात मिळतात की," वायरमन म्हणाला आणि हसला. दादाही हसला. दोघांची ओळख पटली. ज्याला काम येत नाही तो आणि ज्याला येऊन करायचं नाही तो, यांची पटकन पटते.

तोवर वहिनी कामाला लागली होती. फ्रीज चांगला आहे हे कळल्यावर ती एक्स्टेंशन बोर्ड शोधत माझ्या खोलीत गेली, तो उचलून स्वयंपाकघरात नेला, त्याचा प्लग पुन्हा बेडरूममध्ये जोडला आणि एकुलत्या जिवंत सॉकेटमध्ये फ्रीज लावला. फ्रीज घुमायला लागला.

"वहिनी, थोडा वेळ मला दे," मी म्हटलं. "फ्रीज बंद ठेवला तर मासे संध्याकाळपर्यंत टिकतात. दार उघडू नकोस फक्त."

"आधीच पाणी सुटलंय वन्सं. वास मारायला लागेल सगळ्या घरात."

"आत जिवंत पिल्लं आहेत."

"आणि आत मासे आहेत," ती म्हणाली.

मेलेल्या माशांसाठी वीज आहे, जिवंत पिल्लांसाठी नाही. हे ती वाद घालायला बोलली नाही, तिला तसंच वाटत होतं. मी फ्रीजचा प्लग काढून बोर्ड माझ्या खोलीकडे ओढला. ती तो पुन्हा लावायला वाकली. एका प्लगवर आमचे दोघींचे हात होते, आणि हॉलमध्ये दादा वायरमनला पॅनेलमधल्या पिवळ्या पट्ट्या लावून दाखवत होता. पुढे वीज होती ना.

मी हात सोडला. वहिनीला वाटलं ती जिंकली. मी हॉलमध्ये गेले, टेबलावरचा दादाचा पेचकस उचलला, आणि शेवटच्या पट्टीच्या कडेत घातला.

"ए," दादा म्हणाला.

मी दाबलं. पट्टी करकरली. दादाने माझा दंड धरला. तो आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी घट्ट धरत होता.

"हात लावायचा नाही. महिना घातलाय मी त्यात."

"एकवीस दिवस घालावे लागतात पिल्लाला. मी पुढच्या सगळ्या पट्ट्या काढेन दादा. एक काढू देतोस की सगळ्या?"

"हिला आवरा कुणीतरी," तो म्हणाला. काकांकडे पाहून म्हणाला. काका उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून वहिनीने विचारलं,

"अहो, ती पट्टी काढली तर मागचं चालू होईल का? फ्रीज आणि वर मिक्सर, गिझर सगळं?"

"होईल की वहिनी," वायरमन म्हणाला. वारं फिरलेलं त्याला कुत्र्यासारखं लगेच कळतं. "जोड द्यायला चहा पिण्याएवढा वेळ."

"मग काढू द्या ना. आठवडाभर मी काय अंधारात स्वयंपाक करू? एक पट्टीच तर आहे. तशीही ती वाकडीच बसलीय."

दादाचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. माझं म्हणणं खरं असून हलला नव्हता. पिल्लं मरतात म्हणून हलला नव्हता. पट्टी वाकडी आहे या एका वाक्याने तो मोडला. मी पेचकसावर पूर्ण भार दिला. पट्टी दोन खिळ्यांसकट निघून आली, भिंतीला ड्रिलचं भोक दिसलं, आणि भोकात बाबांनी ओढलेली काळी तार, दोन टोकं एकमेकांपासून नखभर लांब.

वायरमनने मेन बंद केला, भोक जरा कोरलं, तारा सोलून जोड दिला, वर टेप गुंडाळली. खरंच चहाएवढा वेळ. वहिनीने त्याला चहाही दिला. मेन चालू केल्यावर बोळातला दिवा लागला, माझ्या खोलीतला पंखा फिरला, आणि मी धावत जाऊन पेटीपुढे बसले. बल्ब पेटला होता. काटा जिथे असू नये तिथे होता. किती वेळ तिथे होता ते मला माहीत नव्हतं. या सगळ्या न्यायालयात मला बाटल्या बदलायलाही सवड मिळाली नव्हती.

हॉलमधून दादाचा आवाज आला. काकांना सांगत होता, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, वायरमध्येच काहीतरी आहे."

"जुनी वायर," काका म्हणाले.

"जुनीच."

संध्याकाळी न राहवून मी झाकण उघडलं आणि एकेक अंडं उचलून कानाला लावलं. काहींत खुडखुड होती. काहींत नव्हती. ज्यांत नव्हती त्यांत मी पुन्हा पुन्हा ऐकत राहिले, कारण माणूस तसा मूर्ख असतो, मीही.

दुसऱ्या दिवशी पहिलं पिल्लू बाहेर आलं. ओलं, वेडंविद्रं, कवचाचा तुकडा डोक्यावर घेऊन. दुपारपर्यंत आणखी चार. मग थांबलं. एक दिवस जास्त वाट पाहून मी उरलेली अंडी फोडली. आत पुरी पिल्लं होती. पिसांसकट, नखांसकट. दोघांनी आतून कवचाला चीर पाडलेली होती आणि चोच त्या चिरेत अडकलेली होती. एवढंच राहिलं होतं त्यांचं.

ती मी एका ताटलीत मांडली आणि दादाच्या समोर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. तो टीव्ही पाहत होता. पट्टी परत बसवली होती, या वेळी आणखी वाकडी.

"हे काय आणलंस? खायच्या वेळी?"

"बघ."

त्याने बघितलं. एक क्षणभर बघितलं, तेवढ्यापुरतं त्याच्या तोंडावर काहीतरी आलंही. मग ते गेलं.

"तुझ्या त्या खोक्यात काहीतरी दोष असणार," तो म्हणाला. "पाच आली ना? मग झालं तर. एवढा तमाशा उगाच केलास."

ताटली उचलून मी अंगणात गेले, कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खोल खड्डा केला, आणि परत येऊन पाचही पिल्लं पेटीतून काढून बुट्टीत बल्बखाली ठेवली. ऊब लागली तशी ती ओरडायला लागली. एवढ्याशा जिवात एवढा आवाज कुठून येतो कोण जाणे. सगळ्या घरात भरला.

"त्यांना जरा गप्प कर," दादा हॉलमधून म्हणाला. "बातम्या ऐकू येत नाहीत."

मी उठले आणि खोलीचं दार सताड उघडलं.